जुन्या पुस्तकांची पेढी आणि गॅप इयर: सारखे विचारले जाणारे प्रश्न (सोलापूर)

सोलापुरात आम्ही काही पोरंपोरी मिळून नववी ते बारावीची जुनी पाठ्यपुस्तकं गोळा करतो आणि ज्यांना लागतात त्यांना देतो. मी बारावीनंतर गॅप घेतलाय आणि या वर्षी हे काम वाढवायची जबाबदारी माझ्याकडे आहे, त्यामुळे फोनवर तेच तेच प्रश्न येतात. एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवायची.

नववीपासूनच का? खालच्या वर्गांना नको का?

पहिली ते आठवीची पुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये समग्र शिक्षा योजनेतून फुकट मिळतात. नववीला गेलं की ते बंद, सगळा सेट विकत. आणि हा खर्च जूनमध्ये येतो, जेव्हा वह्या, गणवेश, फी, रिक्षा सगळं एकदमच उभं राहतं. पूर्व भागात, नीलम नगर, विडी घरकुलकडे ज्या घरात आई विड्या वळते आणि वडील मागावर आहेत तिथे दोन पोरं एकदम नववी-दहावीला असली की काय होतं ते वेगळं सांगायला नको. आणि त्याच वेळी जुळे सोलापूरला आणि होटगी रोडला दहावीचा निकाल लागल्या लागल्या अख्खा सेट, कव्हरसकट, रद्दीत. म्हणजे पुस्तकं शहरातच आहेत, फक्त या टोकाची त्या टोकाला न्यायची आहेत.

बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट आहे की. मग?

आहे, आणि आम्हीपण सांगतो डाउनलोड करा म्हणून. पण घरात एकच मोबाइल, तो वडलांबरोबर रात्रपाळीला जातो. आणि भूमितीची आकृती मोबाइलवर झूम करून बघत बघत खाली प्रमेय लिहायचं, हे एकदा स्वतः करून बघा.

गॅप म्हणजे तुम्ही सगळे नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) रिपीटर का?

नाही. काहीजण नीट नाहीतर सीईटी परत देतायत, एकजण पोलीस भरतीची तयारी करतोय, एकीच्या घरी आजारपण आहे म्हणून ती थांबली. माझं म्हणाल तर मला बारावीनंतर जे मिळत होतं ते नको होतं आणि जे हवं होतं त्याचा फॉर्म भरायला उशीर झालेला, बस. नातेवाईकांना हे पटत नाही, त्यांना आम्ही "पुढच्या वर्षी" एवढंच सांगतो.

गॅपमध्ये वेळच वेळ असतो, मग एका वर्षात प्रोजेक्ट दुप्पट-तिप्पट का नाही करायचा?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर जरा मोठं आहे.

गॅपवाल्याकडे सकाळ आहे, दुपार आहे, संध्याकाळ आहे. त्यामुळे होतं काय की सगळी कामं हळूहळू त्याच्याकडेच येतात. कुणाचा फोन आला की पुस्तकं घेऊन जा, तोच जातो. चावी त्याच्याकडे, रजिस्टर त्याच्याकडे, कुठल्या शाळेत कुठल्या सरांना भेटायचं ते त्याच्याच डोक्यात. बाकीचे कॉलेजला जातात, त्यांनाही बरं वाटतं की चला कुणीतरी बघतंय. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काय जोरात चाललंय. मग पुढच्या वर्षी ह्या माणसाची अ‍ॅडमिशन होते पुण्याला, तो सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून जातो, आणि महिन्याभरात सगळं ठप्प. पुस्तकं कुठल्यातरी खोलीत पडून, फोन उचलायला कुणी नाही.

म्हणून आमचा हिशेब असा आहे की कॉलेजला जाणारा माणूस आठवड्यातून तीन-चार तास देऊन जेवढं चालवू शकतो तेवढंच वाढवायचं. गॅपमधला जास्तीचा वेळ रोजचं काम ओढण्यात घालवायचा नाही, तो अशा गोष्टींवर घालवायचा ज्या एकदा केल्या की परत कराव्या लागत नाहीत. शाळांच्या मुख्याध्यापकांना जाऊन भेटणं, जागा बघणं, रजिस्टर नीट लावणं, नवीन लोकांना शिकवणं. कंटाळवाणं आहे, फोटो काढण्यासारखं काही नाही त्यात. पण ह्यासाठी कॉलेजवाल्याला वेळच मिळत नाही, कारण शाळा आणि त्याचं कॉलेज एकाच वेळी चालू असतं.

बरं, मग वाढला हे कशावरून ठरवायचं?

किती पुस्तकं गोळा झाली हा आकडा आम्ही सांगतच नाही. पोती भरून पुस्तकं येतात, त्यातली निम्मी कामाची नसतात. आम्ही दोन गोष्टी बघतो. एक, शाळा सुरू व्हायच्या आत पूर्ण सेट किती पोरांना गेला (अर्धा सेट म्हणजे उरलेलं विकत घ्यायचंच आहे, त्यात काय मोठं). दोन, मी आठ दिवस फोन बंद ठेवला तर किती कामं अडतात.

पुस्तकं लावण्यात काय एवढं शिकायचं असतं?

यायला पाहिजे तुम्ही एका रविवारी. दहावीचं उदाहरण घ्या. गणित भाग १ आणि भाग २ वेगळी पुस्तकं, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचेपण दोन भाग, इतिहास व राज्यशास्त्र, भूगोल, वर भाषा. आणि खरा घोळ भाषांमध्ये आहे. कुमारभारती म्हटलं की मराठी माध्यमाच्या पोराला मराठीचं पुस्तक वाटतं, पण इंग्लिश मीडियमला इंग्रजीचं पुस्तकसुद्धा कुमारभारतीच आहे, आणि त्यांचं मराठीचं पुस्तक अक्षरभारती. मराठी माध्यमाला इंग्रजीसाठी माय इंग्लिश कोर्सबुक लागतं. म्हणजे जुळे सोलापुरातून आलेला इंग्लिश मीडियमचा सेट जसाच्या तसा मराठी शाळेतल्या पोरीला दिला तर तिच्या उपयोगाचं त्यात जवळपास काहीच नाही. नवीन व्हॉलंटियर हमखास इथे अडकतो. म्हणून गठ्ठा बांधायच्या आधी प्रत्येक पुस्तकाचं आतलं पान उघडून माध्यम बघायचं, नुसतं मुखपृष्ठ बघून नाही.

मग खोडरबर. गणिताच्या पुस्तकात सरावसंचाची उत्तरं पेन्सिलीने तिथेच लिहिलेली असतात, ती खोडायची. हे काम सगळ्यांना आवडतं का कुणास ठाऊक, गप्पा मारत मारत तासभर खोडत बसतात. पेनाने लिहिलेलं असेल तर तसंच द्यायचं, फक्त घेणाऱ्याला आधी दाखवायचं. पहिली आणि शेवटची पानं फाटलेली असतात, गणित भाग २ ला तर शेवटची उत्तरसूची गेलेलीच असते, ती झेरॉक्स काढून चिकटवायची. कव्हर आम्ही घालत नाही. ज्याचं पुस्तक त्यानं घालावं.

काम वर्षभर असतं का?

नाही, आणि हे समजून घेतलं नाही तर नियोजन बोंबलतं. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत, दहावीची त्याच्या मागोमाग. पण पेपर झाला म्हणून लोक लगेच पुस्तकं देत नाहीत, निकाल लागेपर्यंत ठेवतात, पोरगं नापास झालं तर लागतील म्हणून. म्हणजे गोळा करायचं काम एप्रिलच्या शेवटापासून जूनपर्यंत. शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात. मधे मिळतात ते थोडेच आठवडे, तेही सोलापूरच्या उन्हात, जिथे मे महिन्यात पारा ४४ च्या आसपासही जातो आणि दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. आम्ही सकाळी सात ते दहा फिरतो, दुपारी सावलीत बसून लावतो.

अकरावीचं वेगळं. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत, त्यामुळे कुठला स्ट्रीम, कुठलं कॉलेज हे कळायलाच वेळ लागतो. अकरावीची पुस्तकं ऑगस्टपर्यंत हाताशी ठेवायची.

ऑगस्टनंतर काम जवळजवळ नसतं. दिवाळीनंतर शाळांमध्ये जाऊन कुणाला पुढच्या वर्षी लागतील त्याची यादी करायची. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा काही ठरवूच नका, सगळे होम मैदानावर असतात.

मी नीट रिपीट करतोय. मला लीड करायला आवडेल. चालेल?

लीड नको, माफ कर. नीट असते मेच्या पहिल्या रविवारी, सीईटी एप्रिल-मेमध्ये. म्हणजे जेव्हा आमचं काम सगळ्यात जास्त तेव्हाच तुझी परीक्षा. गॅप इयरवाले सगळ्यात मोकळे असतात हा समज इथेच पडतो, मोकळे असतात ते ऑगस्ट ते डिसेंबर, म्हणजे आम्हाला लागत नाहीत तेव्हा. तू दिवाळीनंतरची शाळांची यादी कर, ती फार महत्त्वाची आहे, आणि फेब्रुवारीत सुट्टी घे. परीक्षा झाल्यावर मेमध्ये ये, तेव्हा डोकं हलकं झालेलं असतं, वजनं उचलायला बरं.

उन्हाळ्यात लीड कोण? आमच्या अनुभवानं अकरावी झालेली पोरं. त्यांची परीक्षा संपलेली, बारावीचे क्लास अजून अंगावर आलेले नाहीत. डिग्रीवाल्यांचे विद्यापीठाचे पेपर कधी कधी मेपर्यंत लांबतात, त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

पोरं नाव देतात आणि येत नाहीत. काय करायचं?

ओरडून उपयोग नाही. आधी कारण बघा. सोलापुरात पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि पाण्याच्या दिवशी घरातलं कुणीतरी मोटर लावायला, पिंपं भरायला थांबावंच लागतं, बहुतेक वेळा पोरीच थांबतात. आता प्रत्येक भागाचा पाण्याचा दिवस वेगळा. आम्ही रजिस्टरमध्ये फोन नंबरच्या शेजारी पाण्याचा दिवस असा कॉलम केला आणि ड्युटी त्याप्रमाणे लावतो. ह्या एका कॉलमने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्या मोटिवेशनल मेसेजने पडला नाही.

गणपतीच्या आधी पोरं संध्याकाळी लेझीमच्या प्रॅक्टिसला असतात. त्यांना बोलवूच नका.

आणि एक, काम छोटं आणि ठरलेलं द्या. "जमेल तसं ये" म्हटलं की कुणी येत नाही. "रविवारी आठ ते दहा, विज्ञान भाग १ चे गठ्ठे" असं सांगितलं की येतात. काही जण तरीही येत नाहीत, त्यांना फोनवर विचारलं तर "काय करलालाव बे, तूच कर की" म्हणतात. त्यांना सोडून द्या.

जागा कुठून आणायची? भाडं परवडत नाही.

गल्लीतल्या गणेश मंडळाची किंवा जयंती मंडळाची खोली असते, ती वर्षातले बरेच महिने बंद असते. अध्यक्षांना भेटा, शक्यतो तुमच्या वडलांच्या किंवा काकांच्या ओळखीने, पोरंपोरं गेलात तर "बघू" म्हणतात. अट एकच येते, उत्सवाच्या आधी खोली रिकामी करून द्यायची. तोपर्यंत आमची पुस्तकं वाटून झालेलीच असतात, त्यामुळे हे फार छान जमतं. पत्र्याचं छत असेल तर पहिल्या पावसाच्या आधी गळतं का ते बघा, आणि गठ्ठे जमिनीवर ठेवू नका, वाळवी लागते. खाली विटा आणि फळी.

एकच मोठं गोडाउन करण्यापेक्षा दोन-तीन भागांत छोटे कप्पे बरे. अशोक चौकातली आई जुळे सोलापूरला पुस्तक घ्यायला येणार नाही, जायच्या-यायच्या रिक्षाच्या सीटचे पैसे आणि वर अर्ध्या दिवसाच्या विड्या बुडतात. कप्पा तिच्या रस्त्यावर पाहिजे. विड्या कारखान्यात द्यायला ती जाते, त्या वाटेवर कप्पा असला तर येता येता घेऊन जाते. पहिल्यांदा आलेल्या एका मावशींनी पदराला हात पुसून मगच पुस्तक घेतलं, हाताला तंबाखूचा वास असतो म्हणाल्या, पुस्तकाला लागेल. आणि भूगोल नाहीये, उद्या येतो म्हटल्यावर लगेच म्हणाल्या, "उद्या नको, परवा या, उद्या पाणी आहे."

तेलुगू, कन्नड, उर्दू माध्यमाचं काय?

सोलापूर आहे हे, सगळं लागतं. त्या माध्यमांची पुस्तकं जुळे सोलापुरातून कधीच येणार नाहीत, ती त्याच शाळेतल्या वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे जायला पाहिजेत. म्हणून तिथे आम्ही गोळा करत नाही, शाळेतच दहावीच्या निरोपसमारंभाच्या वेळी नावं लिहून घ्यायची आणि नववी पास झालेल्यांशी जोडी लावून द्यायची. पुस्तक आमच्या हातातून जातच नाही. खरं सांगायचं तर सगळीकडे असंच व्हायला पाहिजे. उर्दू शाळेत जाताना उर्दू वाचता येणारं कुणीतरी बरोबर असू द्या, नाहीतर पुस्तक उलट्या बाजूने उघडून बसाल.

पैसे द्यायचे आहेत, कुणाला जीपे करू?

पैसे घेत नाही. एकाच्या पर्सनल खात्यावर लोकांचे पैसे यायला लागले की घरचे विचारतात, मित्र विचारतात, आणि विचारायलाच पाहिजे. सुतळी द्या, स्टिकर द्या, झेरॉक्सवाल्याकडे परस्पर पैसे भरा, टेम्पो द्या अर्धा दिवस. चादर कारखान्याचा टेम्पो रिकामा परत येत असेल तर सोन्याहून पिवळं.

संस्था रजिस्टर का करत नाही? मग सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा पैसा) मिळेल ना.

दर महिन्याला एक काका हे सांगतात. संस्था नोंदणी १८६० च्या कायद्याखाली होते, किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात त्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद करावी लागते. तिथपर्यंत ठीक. पण त्यानंतर दर वर्षी ऑडिट, आणि कमिटी बदलली की चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद. आमच्यातले निम्मे अठराच्या आतले आणि बाकीचे दोन वर्षांत शहर सोडून जाणारे. दर वर्षी सगळी कमिटी बदलणार, ते कागद कोण करणार? पुस्तकं इकडून तिकडे नेण्यासाठी ह्याची गरज नाही. ज्या दिवशी पगारी माणूस लागेल त्या दिवशी बघू. तोपर्यंत कुठल्यातरी चालू असलेल्या वाचनालयाच्या नाहीतर शाळेच्या आधाराने काम करणं शहाणपणाचं.

सर्टिफिकेट मिळेल का? एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजना) तास धरतात का?

एनएसएसला दोन वर्षांत २४० तास लागतात, पण ते कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्यामार्फत. गॅपवाल्याचं कॉलेजच नाही तर तास कोण लिहिणार. कॉलेजमध्ये असाल तर आधी सरांना विचारा, काम झाल्यावर नको. आमच्याकडून एक पत्र मिळतं, त्यात तुम्ही काय केलंत तेवढंच लिहितो. रविवारी दोन तास आलात तर "नेतृत्वगुण" वगैरे लिहिणार नाही.

पुढे अ‍ॅडमिशनला गॅपचा त्रास होतो का?

बहुतेक ठिकाणी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात, ते सेतू सुविधा केंद्रात किंवा नोटरीकडे होतं. त्यात ह्या वर्षात दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता असं लिहायचं असतं. प्रोजेक्टचा तिथे काही संबंध नाही. ज्या कोर्सला जायचं त्याची माहितीपुस्तिका बघा, शेजारच्या दादाचं ऐकू नका.

घरचे म्हणतात आधी स्वतःचं बघ, मग समाजसेवा.

बरोबरच म्हणतात. भांडू नका. कुठल्या वारी, किती ते किती, कुठे, बरोबर कोण, हे कागदावर लिहून फ्रिजला लावा आणि त्या वेळेला घरी पोचा. आमच्याकडे पोरींना संध्याकाळी सातनंतर थांबवत नाही आणि कुणीही एकट्यानं कुणाच्या घरी पुस्तकं आणायला जात नाही, मुलगा असो की मुलगी. हे आईबाबांना सांगा, बऱ्याचदा तेवढ्यानं निम्मा विरोध जातो.

अठराच्या आतले व्हॉलंटियर गाडी घेऊन येऊ शकतात का?

नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवली तर पालकांना २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पुस्तकांच्या पिशव्या लटकवून स्कूटीवर ट्रिपल सीट येणाऱ्यांना आम्ही परत पाठवतो, राग आला तरी चालेल.

पुस्तक घेणाऱ्या मुलांचे फोटो टाकता का?

नाही. त्याच वर्गात ती मुलं उद्या बसणार असतात. गठ्ठ्यांचे फोटो टाका हवे तेवढे.

नीट-जेईईची पुस्तकं, क्लासच्या नोट्स घेता का?

घेतो. एनसीईआरटीची जुनी पुस्तकंपण चालतात. २०२२-२३ ला काही धडे वगळलेत, म्हणजे जुन्या पुस्तकात जास्तीचं आहे, कमी नाही, फक्त कुठलं वगळलंय ते आत पेन्सिलीने खूण करून देतो. क्लासचे सोडवलेले टेस्ट पेपर नको, ते कुणीच नेत नाही.

दिलेलं पुस्तक परत घेता का?

मागतो, पण पाठी लागत नाही. धाकटं भावंड असेल तर तिथेच राहू द्या. नाहीतर निकालानंतर ज्या कप्प्यातून नेलं तिथे आणून द्यायचं. डिपॉझिट ठेवा असं खूप जण सुचवतात, मला स्वतःला ते आवडत नाही, शंभर रुपयांसाठी जी आई येणारच नाही तिच्यासाठीच तर हे चाललंय.

तू गेल्यावर कोण?

अकरावीतल्या दोघी. एक नाही, दोघी, म्हणजे एकीची परीक्षा असली तर दुसरी. नोव्हेंबरपासून शाळांत त्याच बोलतात, मी मागे उभी राहते आणि सरांनी माझ्याकडे बघून विचारलं तर त्यांच्याकडे बघते. खोलीची चावी त्यांच्याकडे दिली आहे. ग्रुपची अ‍ॅडमिनशिप पण दिली, मला आता मेसेज करण्यात अर्थ नाही, नंबर कप्प्याच्या दारावर लिहिलेत.

माझ्याकडे घरी खूप जुनी पुस्तकं आहेत, आणू का?

आतल्या पानावर वर्ष बघा. सध्याची पुस्तकं नववीला २०१७ ला आली, दहावीला २०१८, अकरावीला २०१९, बारावीला २०२० ला. त्याच्या आधीची असतील तर आणू नका, रद्दीवाल्याला द्या. नवीन अभ्यासक्रमपण २०२५-२६ ला पहिलीपासून सुरू झालाय आणि हळूहळू वर येणार आहे, तेव्हा आत्ताची चांगली पुस्तकंसुद्धा पुढे लागतील म्हणून घरात साठवून ठेवू नका, ह्याच उन्हाळ्यात द्या. सकाळी दहाच्या आत.